कु. रोशनी तागडे हिच्या उड्डाणाबाबत

माणसाने आकाश जिंकले, त्याला आता शंभरावर वीस वर्षे होऊन गेली. मानवजातीची ही सर्वांत मोठी झेप होय, याबद्दल जगात दुमत नाही. मात्र दिल्लीत आर. के. पुरम, सेक्टर आठ, दुसरा मजला येथे राहणाऱ्या सुखदेव तागडे यांना ही झेप अद्याप लेखी कळवण्यात आलेली नाही. त्यामुळे त्यांच्याकडे ती विचाराधीन आहे.

सुखदेव केंद्र सरकारात अवर सचिव आहे. भंडाऱ्याहून आला तेव्हा हातात एक ट्रंक होती आणि डोक्यात एकच सूत्र होते : निर्णय चुकू शकतो, विचार चुकत नाही. म्हणून तो सत्तावीस वर्षे विचार करतो आहे. आजवर त्याचा एकही निर्णय चुकलेला नाही. (घेतलेल्या निर्णयांची संख्या उपलब्ध नाही.)

त्याची मुलगी रोशनी बारावी झाली आणि म्हणाली, मला पायलट व्हायचंय. नुसती म्हणून थांबली नाही. परीक्षा दिली, डोळे तपासले, कान तपासले, आणि एका उड्डाण शाळेत जागाही मिळवली. जागा पक्की करायची शेवटची तारीख एकतीस जुलै. फॉर्मवर वडिलांची सही हवी होती. कर्जाला बँक तयार होती, वडील नव्हते. तसे ते नाही म्हणत नव्हते. हो-ही म्हणत नव्हते. ते म्हणाले, "या पेशाचं भवितव्य तपासून पाहावं लागेल," आणि समिती नेमली.

समितीत अध्यक्ष सुखदेव; सदस्य त्याची बायको कौसल्यावहिनी; तांत्रिक सल्लागार मोठा मुलगा हितेश, जो नोएडात सॉफ्टवेअर कंपनीत आहे; आणि बाहेरचा तज्ज्ञ म्हणून मी. मी खालच्या मजल्यावर मुलाकडे राहतो, निवृत्त आहे, आणि अकरा वेळा विमानात बसलो आहे, त्यांतले चार वेळा खिडकीपाशी. आमच्या कॉलनीत एवढ्या अनुभवावर माणूस तज्ज्ञ धरला जातो. रोशनीला समितीत घेतले नाही, कारण ती बाधित पक्ष होती. तिने चहा करायचा होता. तो तिने पहिल्याच बैठकीत नाकारला. ही नोंद इतिवृत्तात आहे.

हिरव्या नोटशीटा आणल्या गेल्या (स्वखर्चाने, तशी नोंद पहिल्याच नोटशीटवर आहे). फाइल उघडली. हितेशने सुरुवात केली.

"पप्पा, पायलटला फ्यूचरच नाहीये. प्लेन आता स्वतः उडतं यार. सगळं कॉम्प्युटर करतो. पायलट फक्त बसलेला असतो."

सुखदेवने पेन खाली ठेवले. "फक्त बसलेला असतो?"

"बिल्कुल."

"आणि पद मंजूर आहे?"

"आज आहे. उद्याचं नाही सांगता येत."

"किती जण बसलेले असतात?"

"दोन. एक करतो, दुसरा ते बरोबर केलंय का बघतो."

सुखदेवचा चेहरा मी बरीच वर्षे पाहतो आहे; त्यावर एवढा प्रकाश मी बढतीच्या दिवशीही पाहिला नव्हता. काम यंत्राने करायचे, माणसाने शेजारी बसायचे, आणि दुसऱ्या माणसाने पहिल्याला तपासायचे, ही रचना त्याला परकी वाटेना. विमान कंपन्यांनी ती सरकारकडून घेतली असावी, असे त्याने समासात लिहिले.

मग बदलीचा प्रश्न निघाला. सरकारी घरात कोणत्याही नोकरीची पारख पगारावरून होत नाही, बदलीवरून होते. चौकशीत असे आढळले की पायलटची बदली रोज होते. कधी दिवसातून चार वेळा. सकाळी दिल्ली, मग पाटणा, मग दिल्ली, मग इंदूर. एवढ्या बदल्या होऊनही सामान बांधावे लागत नाही, मुलांच्या शाळा बदलत नाहीत आणि रात्री माणूस बहुतेक वेळा मूळ जागी येतो. "क्वार्टर मिळत नाही पण," सुखदेव म्हणाला, आणि ती बाब प्रतिकूल मुद्द्यांत गेली.

हवामानाचा मुद्दा मी मांडला. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत आकाश जवळजवळ रद्दच असते. धुके पडले की विमान जागेवर, पायलट जागेवर, प्रवासी एकमेकांच्या अंगावर. म्हणजे या पेशात वर्षाचे दोन महिने सक्तीचे ध्यान घडते. हा मुद्दा अनुकूल धरावा की प्रतिकूल, यावर दोन बैठका गेल्या.

कौसल्यावहिनींचे मत मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. "अहो, पोरगी दोन वर्षं धौला कुआँच्या ट्रॅफिकमधून स्कूटी चालवते आहे. तिला आकाशात काय होणार? वर राँग साइडनं कोणी येत नाही, मध्ये गाय बसत नाही, आणि मागून कोणी हॉर्न मारत नाही."

"भावनिक मुद्दा," सुखदेव म्हणाला.

"हो का? मग तुम्ही चालवून दाखवा धौला कुआँवरून."

ही बैठक तहकूब झाली.

जून अखेरीस प्रत्यक्ष पाहणी करण्याचे ठरले. आमच्या गच्चीवरून पालमला उतरणारी विमाने दिसतात. समिती संध्याकाळी साडेपाचला गच्चीवर गेली आणि चाळीस मिनिटे थांबली. निष्कर्ष असे :

एकूण विमाने : सत्तावीस.
ज्यांत पायलट असल्याचे दिसले : शून्य.
ज्यांत पायलट नसल्याचे दिसले : तीही शून्य.
सदस्यांच्या दुखावलेल्या माना : तीन.

हितेश पहिल्या शून्यावर अडून बसला, वहिनी दुसऱ्यावर. अध्यक्षांनी दोन्ही शून्यांची बेरीज मागवली.

असा जुलै उजाडला. रोशनी रोज सकाळी वडिलांसमोर उभी राहायची.

"पप्पा, थर्टी फर्स्टला सीट जाईल. हो म्हणा, नाही म्हणा, काहीतरी म्हणा ना."

"विषय विचाराधीन आहे, बेटा."

"मी विषय नाहीये, पप्पा. मी मुलगी आहे तुमची."

"म्हणूनच तर जास्त विचार करतोय."

इथे सुखदेवची एक सवय सांगणे भाग आहे. त्याच्यासमोर कागद आला की त्याचा हात आपोआप कोपऱ्यात जातो, 'पाहिले' असे लिहितो, खाली आद्याक्षरे आणि तारीख घालतो. सत्तावीस वर्षांत हे बोटांत मुरले आहे. दुधवाल्याचे कार्ड, लग्नपत्रिका, पोरांची प्रगतिपुस्तके, एकदा तर हॉटेलातला मेनू, असे सगळे त्याने 'पाहिले' केलेले आहे. आधी वाचतो की आधी सही करतो, याबद्दल घरात दोन मते आहेत. मंत्रालयात एकच आहे.

तेरा जुलैला, पोहे खाताना, रोशनीने त्याच्या ताटलीशेजारी एक कागद ठेवला. उजव्या हातात चमचा होता, तरी डाव्याने काम झाले. पाहिले. सु. ता. तेरा सात. मग लिंबू मागितले.

एकोणतीस जुलैला रोशनी बॅग भरताना दिसली.

"हे काय चाललंय?" सुखदेवने विचारले.

तिने तो कागद पुढे केला. सुखदेवने या खेपेला तो वाचला. त्यावर लिहिले होते : "विषय : कु. रोशनी हिच्या उड्डाण प्रशिक्षणास संमती. याबाबत पंधरा दिवसांत हरकत प्राप्त न झाल्यास, आपली कोणतीही हरकत नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल."

"काल मुदत संपली, पप्पा."

हे वाक्य सुखदेवचे होते. इतर मंत्रालयांना तो कागद पाठवायचा तो याच वाक्याने शेवट करून. या वाक्यावर त्याने मोठमोठी मंत्रालये झोपेत गाठली होती. एकदा एका मंत्रालयाची हरकत सोळाव्या दिवशी आली, तेव्हा 'विलंबाने प्राप्त झालेली हरकत विचारात घेता येत नाही' असे उत्तर त्याने स्वतः लिहिले होते, आणि ते रात्रीच्या जेवणात घरच्यांना तीनदा वाचून दाखवले होते. पोरगी तेव्हा नववीत असेल. लक्ष देऊन ऐकत होती, एवढेच.

"ड्राफ्ट कोणी केला?" त्याने विचारले.

"मी."

"चूक नाहीये एकही." आवाजात दुःख होते की अभिमान, हे समितीला ठरवता आले नाही.

मग तो बराच वेळ फाइल चाळत बसला. आम्हाला वाटले, पळवाट शोधतो आहे. शेवटी मान वर न करता म्हणाला, "एक मुद्दा राहिला. वर काही झालं, तर मी फोन कोणाला करायचा?"

अडीच महिने, नऊ बैठका आणि सत्तावीस विमानांनंतर खरी हरकत ही निघाली. तिच्यासाठी फाइलमध्ये रकानाच नव्हता.

रोशनी त्याच्याजवळ जाऊन बसली. "मलाच करा. उतरले की उचलेन."

त्याने फॉर्मवर सही केली. माझ्या मते त्याला सुटल्यासारखेही वाटले. मुलगी आकाशात चालली होती आणि निर्णय त्याने घेतलेला नव्हता.

चार वर्षांनी, म्हणजे गेल्या महिन्यात, आम्ही तिघे दिल्लीहून नागपूरला गेलो. सुखदेव, वहिनी आणि मी. विमान पुढे रोशनीच्या ताब्यात होते. शेजारी तिला तपासायला एक कॅप्टन होते. उडाल्यावर तिचा आवाज आला, खर्रखर्र करत, इंग्रजीत आणि हिंदीत.

"काय म्हणाली हो?" वहिनींनी विचारले.

"कळलं नाही," सुखदेव म्हणाला, डोळे पुसत. "म्हणजे नियमाप्रमाणेच बोलली असणार."

नागपूरला विमान टेकले, आणि ज्या प्रश्नापायी समितीच्या नऊ बैठका गेल्या, त्याचे उत्तर मला त्या क्षणी मिळाले. यंत्र विमान उडवते, उतरवते, हेही मान्य. यंत्राने पट्टे बांधून बसा म्हणून दिवाही लावला. विमान अजून धावपट्टीवर पळत होते. एकशेऐंशी प्रवाशांपैकी एकशेशहात्तर उभे राहिले. बसून होते ते चौघे : सुखदेव (दिव्याचा आदेश लेखी आहे म्हणून), वहिनी (विमान मुलीचे आहे म्हणून), मी (गुडघा) आणि एक गृहस्थ, ज्यांना अजून आपण दिल्लीतच आहोत असे वाटत होते. हवाईसुंदरीने दोनदा सांगितले. कोणी ऐकले नाही. तेव्हा विमान वाटेतच थांबले आणि तिसऱ्यांदा खुद्द कॉकपिटमधून रोशनीचा आवाज आला. या खेपेला खर्रखर्र नव्हती. अस्सल आर. के. पुरमचा, जिन्यावरून ओरडायचा आवाज होता : "आप लोग बैठेंगे, तो मैं जहाज़ आगे ले जाऊँगी!"

साठेक लोक बसले. कोणत्याही संगणकाला हे साधलेले नाही.

तेव्हा समितीचा अंतिम अहवाल मी येथे सादर करतो : वैमानिकाच्या पेशाला किमान पन्नास वर्षे मरण नाही, आणि याचे सर्व श्रेय, वाचकहो, आपल्याला आहे. नाही म्हणू नका. त्या एकशेशहात्तरांत आपणही होतात, मी पाहिले. विमान चालत असताना आपण कानाला फोन लावून "हां, उतर गए, बस बाहर ही निकल रहे हैं" असे कुणाला तरी सांगत होतात, आणि दार उघडायला अजून वीस मिनिटे होती. आपण असेच उभे राहत जा. आपल्या उभे राहण्यावर एका मुलीची नोकरी आणि एका बापाची झोप अवलंबून आहे.

फक्त आपली पाठीवरची बॅग तेवढी माझ्या चष्म्यावरून जरा बाजूला घ्याल का?