टेबलावर एकच डबा

मी फक्त टिकली बदलायची ठरवली होती. काडतुसाच्या बुडाला बसणारी, घोडा पडला की ठिणगी टाकणारी ती पितळी टिकली मसुरीच्या डाळीएवढी असते. याहून लहान गोष्ट माणूस काय ठरवणार? पण आमच्या विस्कॉन्सिनात नोव्हेंबरातला हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला, की चांगले कर्ते पुरुष कुठली टिकली आणि कुठली दारू यावर लेकीला स्थळ बघावं तशी चर्चा करतात. (बंदुकीची दारू. दुसरीबद्दल आमच्यात मतभेद नाहीत.)

माझे सासरे एल्रॉय आमच्याकडेच राहतात. वय एक्क्याऐंशी. पन्नास वर्षं त्यांनी स्वतः भरलेल्या काडतुसांनीच शिकार केली. एकच दारू आणि एकच साधी टिकली. ती दारू करणारा कारखाना कधीच बंद पडला. शेवटच्या डब्याच्या तळाशी दहा काडतुसांपुरती उरली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंदाचा हंगाम शेवटचा म्हणून सांगितलं होतं, आणि त्यांची बोटं आता थरथरतात. म्हणून त्यांनी मला बोलावलं.

"नॉर्बर्ट, दहा भरून दे. माझी दारू, साधी टिकली. आणि टेबलावर एका वेळी एकच डबा."

"माहीत आहे मला."

"माहीत असलेल्यांच्याच हातून डब्यांची सरमिसळ होते."

मी पोस्टात कारकून. सव्वीस वर्षं लोकांची पत्रं बरोबर त्यांच्या खणात टाकतो आहे. मला डबे मोजायला शिकवतात, याचा थोडा राग आला.

तळघरात गेलो, आणि कुठेतरी वाचलेलं आठवलं: कडाक्याच्या थंडीत जोरदार टिकली बरी. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, एल्रॉयनी मला एकदाही शाबास म्हटलेलं नाही. म्हटलं, दाखवूच. त्यांची दारू वाया नको म्हणून आधी माझ्या दारूवर प्रयोग करायचा. दारू मापायच्या यंत्राच्या नळीत मी माझी ओतली. माझा डबा टेबलावर, शेजारी त्यांचा.

तेवढ्यात वरून बायकोचा, मार्लिसचा, आवाज आला. "नॉर्बर्ट, ट्युलिपचे कांदे कधी लावणार? जमीन गोठल्यावर?"

दोन तास खड्डे खणले. परत आलो तेव्हा कंबर मोडलेली, प्रयोगाची हौस फिटलेली. मुकाट साध्या टिकल्या घेतल्या आणि एल्रॉयचा डबा नळीत रिकामा केला. नळी जुनी, धुरकट. आतलं काही दिसत नाही. दहा काडतुसं भरून झाली, तरी दारू शिल्लकच. मला वाटलं, म्हातारा उगीच सढळ हातानं भरत असणार.

"झाली?" एल्रॉयनी विचारलं.

"झाली. उरलीसुद्धा."

त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "किती उरली?"

"बरीच."

"दहाचीच होती ती."

मी हात धुवायला वळलो.

"टेबलावर डबे किती होते, नॉर्बर्ट?"

मी मार्लिसकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"दोन," मी म्हणालो. नळीतली माझी दारू मी काढलीच नव्हती.

दोन दारू एकत्र झाल्या की देवालासुद्धा वेगळ्या करता येत नाहीत. आणि तशीच उडवावी, तर रायफल फुटून तोंडावर यायची. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ओरडले नाहीत. दहाही काडतुसं त्यांनी थरथरत्या बोटांनी स्वतः उघडली, मी पुढे झालो तर म्हणाले, "तू राहू दे." मग सगळी दारू कपात घेऊन बागेत गेले. "झाडांना चांगली असते," एवढंच म्हणाले, आणि ट्युलिपच्या वाफ्यावर चिमटीचिमटीनं टाकत राहिले.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी मी दुकानातली सगळ्यांत भारी काडतुसं आणली. आम्ही नारिंगी जाकिटं घालून मचाणावर बसलो. चाळीस पावलांवर मोठ्या शिंगांचा नर येऊन उभा राहिला. एल्रॉयनी रायफल उचलली, बराच वेळ धरली आणि खाली ठेवली.

"मारा ना," मी कुजबुजलो.

"दुकानच्या काडतुसावर मी कधी मारलं नाही. आता या वयात काय शिकू?"

थर्मासमधली पहिली कॉफी त्यांनी मला दिली. आजही त्या सकाळची आठवण झाली, की मला माझी शरम वाटते.

मे महिन्यात ट्युलिप असे तरारले की गल्लीतले लोक थांबून बघायचे. एका रविवारी सकाळी पाहतो तर वाफ्यात एक हरिण, आणि निम्मे ट्युलिप त्याच्या पोटात. मी सपाता घालून, झाडू घेऊन धावलो. त्यानं मान वर केली, मला नीट न्याहाळलं आणि पुन्हा खायला लागलं.

मागे खिडकी उघडली. "नॉर्बर्ट, हलू नकोस," एल्रॉय हळूच म्हणाले.

नोव्हेंबरनंतर त्यांनी माझ्याशी आपणहून बोलायची ती पहिलीच वेळ. मी झाडू उगारलेला तसाच, श्वास रोखून उभा राहिलो.

"माझ्या दारूवर आलंय ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग जरा बाजूला हो, बघू दे तरी. याही वेळी मधे तूच आहेस."