तिखटाच्या डब्यातलं बीजगणित

वरणाचा पहिला घास तोंडात गेला आणि मनोहररावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी पाण्याचा गडू रिकामा केला, नाक पुसलं आणि स्वयंपाकघराकडे अत्यंत अपमानित नजरेने पाहिलं.

"आज पुन्हा बीजगणित झालं वाटते," ते म्हणाले.

"दोनदा झालं," जयवंता स्टोव्हपुढून म्हणाली. "सूत्र चुकलं माह्यं."

त्यांची बायको यंदा मॅट्रिकला बाहेरून बसली होती. लग्नामुळे सुटलेली शाळा तिने आता घरीच पुरी करायला घेतली होती. मास्तर नाही, तास बदलायला घंटा नाही, विषय मात्र आठ. पास झाली तर मोहल्ल्यातल्या बालवाडीत तिला बाई म्हणून घेणार होते, त्यामुळे उजळणीची योजना तिने फार विचार करून आखली होती. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तिने विषयांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. डबा उघडला की तो विषय सुरू, आणि त्यातला जिन्नस शिजून खाली उतरला की बंद. तांदळावर मराठी, कणकेवर भूगोल. तुरीची डाळ शिजायला वेळ घेते म्हणून तिच्यावर इतिहास. बीजगणित सगळ्यांत कच्चं, ते सारखं समोर यायला हवं, म्हणून ते तिखटावर. तिखट लागत नाही असा पदार्थ या घरात होत नसे.

घोटाळा एवढाच होता, की तिखट फोडणीत क्षणात तळलं जातं आणि तेवढ्यात सूत्र पुरं होत नाही. मग डबा पुन्हा उघडायचा. आणि डबा उघडल्यावर चिमूटभर न काढता हात मागे घेणं जयवंताला जमत नसे. तिखट भिवापुरी मिरचीचं, जहाल होतं.

"मी माणूस आहो का तुयी उत्तरपत्रिका?" मनोहररावांनी विचारलं.

पण अभ्यास बंद कर, असं म्हणायची सोय नव्हती. सदर भागातल्या कचेरीत त्यांनी स्वतःच छाती फुगवून सांगितलं होतं, "मिसेसले मी शिकवून राहिलो." शिकवणं म्हणजे त्यांनी परीक्षेचा फॉर्म आणून दिला होता. तेव्हापासून साहेब त्यांना पुरोगामी म्हणत. पुरोगामी माणसाने वरणावरून ओरडायचं तरी कसं, याच गोष्टीचा त्यांना जास्त संताप येई.

शेवटी एका रविवारी त्यांनी कारभार हाती घेतला. तिखटाच्या डब्यावरची चिठ्ठी सोलली आणि त्या घरात सणासुदीलाही न उघडणाऱ्या डब्यावर चिकटवून टाकली. तो डबा साबुदाण्याचा होता. जयवंताला उपास सोसत नसे आणि मनोहररावांना तर उपास हा शब्दच सोसत नसे.

"अवो, मग मी बीजगणित कवा करू?" जयवंताने विचारलं.

"डबा उघडशीन तवा. नियम तुयाच आहे."

त्या रात्री वरण खाताना मनोहररावांना आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. जयवंता मात्र डब्याकडे बघत बसली होती. साबुदाणा अर्धा दिवस भिजतो, हे तिच्या ध्यानात आलं होतं. डबा उघडल्यापासून साबुदाण्याची उसळ उतरेपर्यंत किती गणितं होतील, याचा ती विचार करत होती.

दुसऱ्या दिवशी तिने सोमवार धरला. मग मंगळवार, मग गुरुवार. परीक्षा जवळ आली तसा शनिवारही आला. मनोहररावांची आई बायजाबाई इतकी हरखली, की शेजारपाजारी सांगून आली, सुनेला अखेर देव आठवला म्हणून.

"आई, ती देवासाठी नाही करून राहिली," मनोहरराव उसळीच्या ताटावरून कळवळले. "ती बीजगणितासाठी करून राहिली."

"कशासाठी का होईना. घरची लक्ष्मी उपाशी अन् तू वरणभात खाशीन? शोभते का तुले?"

जवळजवळ दोन महिने मनोहरराव उसळ, भगर आणि शिंगाड्याच्या पिठावर जगले. पँट ढिली झाली. कचेरीत लोक त्यांना धार्मिक म्हणू लागले, तेव्हा त्यांना पुरोगामी बरं होतं असं वाटलं. हा सरळसरळ अन्याय होता, आणि तो चिठ्ठी चिकटवून त्यांनी स्वतः केला होता, हे तर त्यांना मुळीच सहन होत नव्हतं.

परीक्षा झाली. जूनमध्ये निकालाचा पेपर निघाला. मनोहररावांनी चौकातच तो उघडला, नंबर शोधला, पुन्हा शोधला, आणि त्यांचं डोकं फिरलं.

"हे काय छापलं?" ते पेपरवाल्यावर खेकसले. "फोडणी देता देता शिकली ते! आठवड्यातून चार दिवस उपाशी राहून! अन् नंबर नाही म्हणते! बोर्डात बसले कोण? मी जातो तिथं. आत्ताच जातो."

पेपरवाल्याने शांतपणे पेपर उलटा घडी केला. "बाहेरून बसले त्यायचे खाली आहेत, भाऊसाहेब."

नंबर होता. मनोहररावांनी त्यावर बोट ठेवलं आणि ते काही वेळ काढलंच नाही. मग त्यांनी गरम जिलबी बांधून घेतली आणि घाम पुसत घरी आले.

बायजाबाईने देवापुढे निरांजन लावलं, जयवंताच्या हातावर जिलबी ठेवली आणि पुडा आपल्याकडे ओढला.

"तुले नाही चालत, मनोहर. सोमवार आहे. सून पास व्हावी म्हणून महादेवाले नवस बोलली होती मी. वर्षभर सोमवार."

"कोणाचे?"

"तुये. माह्यानं आता होत नाही."

"मले न विचारता?"

मनोहररावांनी दाद मागायला बायकोकडे पाहिलं. पाक तिच्या हनुवटीवर ओघळला होता आणि तो पुसायचं तिला भान नव्हतं.

"करा ना," ती म्हणाली. "मी केलेच ना?"

मनोहरराव खाली बसले. त्यांना फार राग आला होता, आणि ती अशी हसताना त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

"एक तरी," ते म्हणाले. "गरम आहे तवर."

"नाही," दोघी एकदम म्हणाल्या.