केळशीकरांचं तळघर

आमचे शेजारी अनंत केळशीकर भिंतीत खिळा ठोकायचा तरी परवानगी काढतात. कालनिर्णय नावाची वस्तू भिंतीवर टांगण्यासाठी त्यांनी घरमालकाला ईमेल पाठवला होता, सोबत खिळ्याचा फोटो. खिळ्याशेजारी फूटपट्टी ठेवली होती. लांबीबद्दल गैरसमज नको!

अबुधाबीत, खलिफा सिटीत, त्यांच्या आणि आमच्या व्हिलांच्या मध्ये एकच भिंत आहे. पलीकडून दिवसातून चारदा तरी ऐकू येतं, "कागद आहे का?" एसीवाला येवो नाहीतर पाण्याच्या बाटल्या घेऊन कुणी येवो, कागद हवाच. एकदा माझ्या मुलीनं त्यांच्या झाडाची चार लिंबं तोडली. मी गमतीनं 'आमची हरकत नाही' असं छापून सहीसाठी पाठवलं. त्यांनी तारीख घालून सही केली आणि वर एक झेरॉक्स आपल्याकडे ठेवून घेतली.

अशा माणसानं एके दिवशी जाहीर केलं की, व्हिलाच्या तळघराची खोली करायची आहे.

तळघर म्हणजे उघडं सिमेंट, एक बल्ब आणि रिकाम्या सुटकेसा. तिथं काय करणार, ते मात्र सांगेनात. माझ्या बायकोचा अंदाज, टेबल टेनिस. मुलगी म्हणाली, "बाबा, इट्स अ मॅन केव्ह, ऑब्व्हिअसली."

आधी घरमालकाची संमती. घरमालक अबू सैफ म्हणजे दिलदार म्हातारा. कॉफी पाजत म्हणाला, "अनंत, हबीबी, घर तुम्हारा है. जो चाहे करो."

"नहीं, घर आपका है," केळशीकर म्हणाले. "वैसा लिख के दीजिए."

मग कॉन्ट्रॅक्टर आला. तळघरात माणसं वावरणार म्हटलं की नियम वाढतात. हवा खेळती पाहिजे, आग लागली तर बाहेर पडायला वाट पाहिजे, नकाशे नव्यानं काढायला पाहिजेत. त्यानं सोपी युक्ती सुचवली, "सर, फॉर्म में स्टोअर लिखो. यल्ला, खलास!"

त्या दिवशी मी केळशीकरांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. "स्टोअर में सामान रखते हैं, भाई," एवढंच म्हणाले आणि कॉन्ट्रॅक्टर बदलला.

पालिकेनं काही त्यांना छळलं नाही. अर्ज झटकन मंजूर झाला. तर हे स्वतःच काउंटरवर हजर!

"सर, अप्रूव्ह्ड है," तिथली मुलगी म्हणाली.

"मालूम है. गलती मेरी है. वापस लेना है."

मंजूर झालेला अर्ज त्यांनी दोनदा मागे घेतला. एकदा जिन्याच्या पायऱ्या कमी उंचीच्या करायच्या म्हणून, एकदा हवेचा झरोका मोठा करायचा म्हणून. मी सोबत गेलो होतो. परतताना म्हणालो, "अहो, लोक परवानगी मिळत नाही म्हणून रडतात!"

"परवानगी मिळाली म्हणजे खोली बरोबर झाली असं नाही," ते म्हणाले.

अखेर काम झालं, तपासणी झाली, शेवटचा कागद आला. तो त्यांनी आम्हाला दाखवला. खोली दाखवली नाही. वास्तुशांत नाही, चहा नाही. माझी बायको महिनाभर धुसफुसत होती.

जुलैतल्या एका दुपारी त्यांचं एक पार्सल चुकून आमच्याकडे आलं, ते द्यायला मी गेलो. बेलवर बोट ठेवणार तोच दार उघडलं. केळशीकर अनवाणी उभे, ओठांवर बोट.

"सुमेधा खाली आहे," ते कुजबुजले. "मायग्रेन. उजेड सहन होत नाही, आवाज तर नाहीच. इथल्या उन्हापुढे कसले पडदे पुरतात? इतकी वर्षं बाथरूमच्या फरशीवर उशी घेऊन पडायची. कुणाला सांगू नको म्हणायची."

वहिनी दुपारी दिसत नाहीत हे आम्हाला ठाऊक होतं. झोपत असतील, एवढाच आमचा तर्क.

"तुम्ही आज ऑफिसात नाही?"

"हाफ डे टाकला. अशा वेळी तिला मोठ्यानं हाक मारता येत नाही. ऐकायला कुणीतरी जवळ हवं."

जिन्याच्या वरच्या पायरीवर एक चपटी उशी होती. ते तिच्यावर जाऊन बसले. हातात ना फोन ना पेपर. खाली गार काळोख आणि किलकिलं दार.

"किती वेळ बसता असे?" मी हळूच विचारलं.

"ती वर येईपर्यंत."

मी पार्सल खाली ठेवलं आणि वळलो. तेवढ्यात काळोखातून अगदी बारीक आवाज आला, "आहेस ना?"

"आहे," केळशीकर म्हणाले.