राठोडकाकांची गाडी घंटीशिवाय निघत नाही

रविवार, १७ नोव्हेंबर. आजचं काम : शेजारच्या राठोडकाकांचा कॉम्प्युटर लवकर सुरू होईल असं करणे. घरी डाळ भिजत घातली आणि गेले.

राठोडकाका कॉम्प्युटर सुरू करतात तो डेपोतून बस काढावी तसा. आधी टेबलाभोवती एक फेरी. वायरी हलवून बघायच्या, पडद्याची काच फडक्याने पुसायची. मग बटण दाबून खुर्चीत ताठ बसायचं, हात मांडीवर. पडद्यावर सगळं येऊन स्थिरावलं तरी ते माउसला हात लावत नाहीत. शेजारच्या खुर्चीत काकू असतात. त्या स्टीलच्या ग्लासवर चमच्याने दोनदा ठोकतात, टण टण, तेव्हा काका माउस धरतात.

काकांनी सगळी नोकरी लाल बसवर केली. पुसदहून वणी, वणीहून पुसद, आणि अधूनमधून आडगावचा रात्रीचा मुक्काम. कंडक्टरने दोरी ओढून दोन घंट्या दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे त्यांच्या हाडात मुरलं आहे. निवृत्तीनंतर कंडक्टर उरला नाही, म्हणून ते काम काकूंकडे आलं.

"मागं कोण चढून राह्यलं, कोण उतरून राह्यलं, ड्रायवरले काय दिसते ताई? घंटी पाह्यजेच," असं त्यांनी मला एकदा समजावलं होतं.

दुसरा नियम असा, की गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलायचं नाही. त्यामुळे घंटी झाली की काकू उठून स्वयंपाकघरात जातात. काका एका बोटाने हवामान बघतात, कापसाचा भाव बघतात, "हट्!" म्हणतात आणि मशीन बंद करतात. एवढ्यासाठी रोजचा हा सोहळा.

अडचण होती ती त्यांच्या मुलाची, सुनीलची. तो नागपूरला असतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने हा कॉम्प्युटर सुरू व्हायची वाट पाहिली, मध्येच दाढी करून आला, तरी पडद्यावर चाक फिरतच होतं. जाताना बजावून गेला, "बाबा, पुढच्या खेपेला हा डबा भंगारात देतो. तुम्हाला टॅब आणतो, हातात धरून बघायचा."

काका तेव्हापासून बेचैन होते. "हातात धरून? अन् बाजूची सीट कुठं हाय त्यात?" असं मला फाटकाशी अडवून विचारलं. मी ते नेहमीचं बसपुराण समजून सोडून दिलं. मग म्हणाले, "तुमी कालेजच्या ऑफिसात इतक्या मशिनी सांभाळता. एवढी एक पास करून द्या जी. भंगारात नाई जाऊ द्याची मले."

म्हणून आज गेले. मशीनमध्ये बिघाड काहीच नव्हता. फक्त सुरू होताना त्याच्याबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामची जत्रा भरली होती. प्रिंटरचा प्रोग्राम होता, प्रिंटर केव्हाच भंगारात गेलेला. हरवलेल्या मोबाइलचा होता. पुतण्याच्या लग्नाचा अल्बम बनवणारा होता. त्या पुतण्याची मुलगी आता शाळेत जाते. दोन अँटिव्हायरस होते आणि ते एकमेकांनाच चोर समजत होते.

"काका, एवढे सगळे आत आले कसे?"

"मंधातच कोणी विचारते ना, मी पन येऊ का म्हनून. मी हो म्हनतो."

"सगळ्यांना?"

"हात केला का मी ब्रेक लावतोच, ताई. रोडवर उभ्या मानसाले सोडून गेलो नाई मी कधी."

मी सांगितलं की कोणाला हाकलत नाही आहोत. यादीत जाऊन फक्त एवढं सांगायचं, की डेपोतच चढू नका. काम पडेल तेव्हा बोलावू. हे त्यांना पटलं. तरी प्रत्येक नावावर "हा कोन?" ही चौकशी झालीच.

"हा प्रिंटरवाला."

"उतरवा. अन् हा?"

"अल्बम."

"राहू द्या ना बिचारा. लग्नाचा हाय."

"काका, भंगार."

"उतरवा, उतरवा!"

एक अँटिव्हायरस ठेवला, बाकी बंद केले आणि मशीन परत सुरू केलं. काकांनी आत हाक दिली, "आव!" घरात काकूंशी ते मधूनमधून त्यांच्या बंजारा गोरबोलीत बोलतात; ये, एवढाच त्याचा अर्थ. काकू चहा घेऊन दाराशी पोचेपर्यंत पडदा तयार होता.

"बापा! झाली बी सुरू?" काकूंनी चहा टेबलावर ठेवला, उभ्याउभ्याच ग्लासवर दोनदा ठोकलं आणि गेल्या. त्यांची खुर्ची तशीच राहिली.

मी सुनीलला फोन लावून गाडी पास झाल्याचं कळवलं आणि घरी आले. काकांनी आभार मानले, पण हवामान बघायला विसरले. ते माझ्या लक्षात नंतर आलं.

संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढत होते तर काका कुंपणाशी आले.

"ताई, गाडी जरा जास्तच पळून राह्यली."

"तुम्हालाच हवी होती ना?"

"सुनीलले पाह्यजे होती. मले फक्त भंगारात नोती जाऊ द्याची." जरा थांबून म्हणाले, "हिच्या भाचीले पोरगा झाला म्हने?"

"हो. काकूंनीच दुपारी सांगितलं मला."

"मले नाई सांगितलं." त्यांनी कुंपणाची तार जरा ओढून पाहिली. "ते चाक फिरे तवर ही बसे. तांड्यावर काय झालं, कोनाची म्हैस याली, कोन कोनाशी भांडलं, सारं सांगे. आज घंटी देली अन् गेली."

"मग त्यांना बसायला सांगा की."

"सांगू कसं? सारी नोकरी मी गाडीवर, ही घरात. बोलाची सवयच नाई लागली आमाले. बस म्हनलं त इचारंन, कायले? मंग काय काम सांगू?"

मी उशीचे अभ्रे घड्या करून टोपलीत टाकले.

सोमवार, १८ नोव्हेंबर. सकाळी ऑफिसच्या आधी त्यांच्याकडे गेले. यादी उघडली आणि प्रिंटरवाला, मोबाइलवाला, अल्बमवाला, सगळ्यांना परत डेपोतच चढवलं. दुसरा अँटिव्हायरस तेवढा घेतला नाही. सुनील यायचा असेल त्याच्या आदल्या दिवशी मला सांगा, एका दिवसापुरते उतरवून देईन, असं काकांना बजावलं. मशीन बंद करून उठले.

काकांनी टेबलाभोवती फेरी मारली, काच पुसली, बटण दाबलं. काकू चहा घेऊन आल्या. पडद्यावर चाक फिरत होतं. "गेली का पुन्ना कामातून?" म्हणत त्या खुर्चीत टेकल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "आयकलं का? आपल्या भाचीले..."

मी चपला घातल्या, फाटक लावलं, जेवणाचा डबा डिकीत ठेवला आणि स्कूटी सुरू केली. घंटी अजून वाजली नव्हती.