साळूताईची न धरलेली चार वर्षं

एका जंगलात सैन्य होतं, बाळांनो. जंगल म्हटलं की वाघ आलाच, पण तो सदान्‌कदा झोपलेला असायचा. त्याला आपण झोपू देऊ. आपली गोष्ट सैन्याची आहे.

ओढ्यापलीकडच्या जंगलाशी या सैन्याचं भांडण होतं. कशावरून, ते आता दोन्हीकडे कुणालाच आठवत नव्हतं. तरी भांडण व्यवस्थित चालू होतं.

त्या सैन्यात मान होता पिसांना. मोराची पिसं गळ्यात बांधायची. भरती झालं की एक पीस, पुढे दर चार वर्षांनी एक. कमी पिसांच्या जनावराने जास्त पिसांच्या जनावराचं ऐकायचं. पिसं सारखी असली, तर जो आधी भरती झाला त्याचं ऐकायचं. नियम सोपा होता. डोकं कुठेच वापरावं लागत नसे.

तर या सैन्याला एक वैद्य हवा होता. लढाईत फाटलेलं शिवणार कोण? म्हणून एका पोपटाला भरतीच्या कामावर धाडलं. पोपट उडत उडत गेला तो थेट साळूताईच्या बिळापाशी.

साळूताई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, पण स्वभावाने मऊ. स्वतःचाच काटा काढून जखम शिवायची. टाका इतका बारीक, की नंतर शोधायला गेलं तर सापडू नये. तिने आधी तळ्यावरच्या कासवआजोबांकडे चार वर्षं विषं शिकली होती. कुठलं पान वाईट, कुठली मुळी वाईट, पोटात गेलं तर काय होतं आणि कशाने उतरतं. त्यानंतर अस्वलगुरुजींकडे चार वर्षं वैद्यकी. तिच्या बरोबरीच्या साळिंदरांना तोवर नातवंडं झाली. शेजारपाजारच्या विचारायच्या, अगं, किती शिकशील? त्यांचंही चुकत नव्हतं. काळजी असते शेजाऱ्यांना.

पोपट म्हणाला, "सैन्यात या. शिकलेली वर्षं नोकरीत धरली जातील."

साळूताईने मनात मोजलं. भरतीचं एक पीस, वैद्यकीचं एक, विषांचं एक. तीन झाली.

तिला पिसांची हौस होती असं समजू नका. तिच्या काट्यांत पिसं दिसली तरी असती का? पण तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. 'पडून राहा' म्हणणारी वैद्य एका पिसाची असेल आणि 'ऊठ' म्हणणारा तुकडीप्रमुख दोन पिसांचा, तर आजारी जनावर उठतं. मग पुन्हा पडतं. मग उठत नाही. म्हणून तिला तीन पिसं हवी होती. तुकडीप्रमुखांना दोनच असायची.

कचेरी होती वडाच्या ढोलीत. तिथे घोरपडबाई बसायच्या. बाईंनी एकदा नियम धरला की चार जनावरांनी ओढलं तरी सोडत नसत. त्यांनी साळूताईचा कागद वरून खाली वाचला, खालून वर वाचला आणि दोन पिसं पुढे सरकवली.

"वैद्यकीची चार वर्षं धरली. विषांची धरता येत नाहीत."

"का हो, बाई?"

"वैद्य म्हणून भरती व्हायला वैद्यकी लागते. विषं लागत नाहीत. न लागणारं शिकलात, तो तुमचा छंद झाला. माझी धाकटी बहीण इतकी छान रांगोळी काढते. तिची वर्षं धरतं का कुणी?"

"पण अर्जात विचारलं होतं, विषं ओळखता येतात का म्हणून."

"विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "लागतं असं कुठे म्हटलं होतं?"

साळूताईने मग पोपटाला गाठलं. पोपट बिचारा खरं बोलला. म्हणाला, ताई, मी पाठ केलेलं बोलतो, आणि नियमाचा पहिला अर्धाच मला पाठ करायला दिला होता. दुसरा अर्धा भरती झाल्यावर कळतो.

आता कुणी म्हणेल, नियम तो नियम. पण त्याच आठवड्यात बँडमध्ये ढोल बडवायला एक सुतारपक्षी घेतला, त्याच्या गळ्यात बारा वर्षं झाडं टोचल्याची तीन पिसं जास्तीची आली. का, तर तो ज्या झाडाला टोचत होता ते सैन्याच्या हद्दीत होतं. म्हणजे तो नकळत नोकरीतच होता. हे मला टिटवीने सांगितलं. टिटवी कचेरीसमोरच राहते, आणि मी काही खोदून विचारलं नव्हतं.

साळूताईने दाद मागितली. तिघांची समिती बसली. पहिला म्हणाला, वैद्यकी शिकताना थोडीफार विषं आलीच असतील, तेव्हा एकच गोष्ट दोनदा कशी धरायची? दुसरा म्हणाला, कासवाचं शिकवणं हळू, त्याची चार वर्षं म्हणजे इतरांचं एक. तिसऱ्याला डुलकी लागली होती. त्याचंही मत विरोधात धरलं. घोरपडबाईंनी निकाल लिहून घेतला.

साळूताई दोन पिसं बांधून कामाला लागली. पावसाळा गेला, हिवाळा गेला. ती फाटलेलं शिवत राहिली.

उन्हाळ्यात सैन्य कूच करून निघालं. ओढे आटले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी एक डबकं लागलं. काठाने कण्हेर अशी फुललेली, की पाहत राहावं. पानं सगळी पाण्यात गळून कुजलेली. तुकडीचा पहारेकरी भिवा नावाचं भेकर होतं. धोका दिसला की सगळ्यांत आधी तेच भुंकायचं. पुढचा रस्ता बघायला म्हणून ते पुढे गेलं होतं आणि तहानेने पोटभर पाणी पिऊन बसलं होतं. सैन्य पोचलं तेव्हा ते उभं होतं, पण चार पाय चार दिशांना.

साळूताईने त्याच्या छातीला कान लावला. एक ठोका पडायचा, एक चुकायचा. मग दोन चुकायचे. तिने पाण्याकडे पाहिलं, काठाकडे पाहिलं.

"या पाण्याला कुणी तोंड लावू नका. कण्हेरीचं विष उतरलंय यात. आणि भिवाला आठ दिवस हलवायचं नाही."

तुकडीचा प्रमुख होता तरसराव. दोन पिसं, आणि छाती चार पिसांची. तो हसला.

"ताई, पिसं किती आपली?"

"दोन."

"माझीही दोन. मी कधी भरती झालो?"

"माझ्या आधी."

"मग पाणी चांगलं आहे," तरसराव म्हणाला. सगळ्यांदेखत तो डबक्यात उतरला, घटाघटा पाणी प्याला आणि मिशा पुसत वर आला. म्हणाला, भेकर कामचुकार आहे, दुपारी पहाऱ्याला उभं राहील.

साळूताई धावत घोरपडबाईंकडे गेली. कचेरीही सैन्याबरोबर चालत होती, कारण कागद मागे ठेवून लढाई कशी होणार? बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या दुष्ट नव्हत्या बरं का. भिवाला पाहून त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण त्या म्हणाल्या, "हे विष आहे, हे तुम्हाला कोणत्या शिक्षणातून कळलं?"

"कासवआजोबांच्या."

"तिथेच अडतंय. ते शिक्षण आपण धरलेलं नाही. न धरलेलं शिक्षण सैन्याच्या कामाला वापरलं, तर ते धरल्यासारखं होईल. पायंडा पडेल. उद्या प्रत्येक जण आपल्याला येतं ते वापरायला लागेल. धरलेल्या शिक्षणाने बघा ना काही होतंय का. भेकराला शिवण्यासारखं काही आहे?"

"कुठे फाटलेलंच नाही."

"मग आजारी कसं म्हणायचं?"

मागे तहानलेली रानडुकरं पाण्याकडे सरकायला लागली होती. भिवाचे गुडघे वाकले होते. साळूताईने ते पाहिलं. मग म्हणाली, "बाई, विषं म्हणजे माझा छंद ना?"

"तसंच लिहिलंय निकालात."

"मग मला अर्ध्या दिवसाची रजा द्या."

घोरपडबाईंचा चेहरा खुलला. रजेला नियम होता. त्यांनी लगेच कागद काढला. कारण काय लिहू म्हणून विचारलं. साळूताई म्हणाली, छंद जोपासणे.

रजेवर गेल्यावर साळूताई सैन्यात राहिली नाही, आणि सैन्यात नसलेल्याला पिसं विचारता येत नाहीत. ती पायवाटेत आडवी बसली आणि तिने अंगावरचे सगळे काटे उभे केले. एकही रानडुक्कर पाण्यापर्यंत पोचलं नाही. तहान होती, पण नाकं त्याहून प्रिय होती. तिथे बसल्या बसल्याच तिने माकडांना वणव्यात जळलेल्या झाडाचा कोळसा आणायला पिटाळलं. मग भिवाला ओकायला लावलं, कोळशाची पूड चारली, आणि छातीवर कान ठेवून ठोके मोजत बसली. दुपारपर्यंत ठोके रांगेत यायला लागले. लांबच्या झऱ्याचं पाणी शोधून माकडांनी सगळ्यांना पाजलं.

दुपारी तरसराव कोसळला. साळूताईने त्यालाही ओकायला लावलं, त्यालाही कोळसा चारला. रजा संपायला तेव्हा थोडाच वेळ उरला होता.

दोन दिवसांनी सेनापती गव्याने दरबार भरवला. पाच पिसांचा, मोठ्या मनाचा गवा. तो म्हणाला, साळूताईने सैन्य वाचवलं, तिची विषांची चार वर्षं आता धरायलाच हवीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग गव्याने सवयीने विचारलं, "बाई, नियम काय म्हणतो?"

घोरपडबाई उठल्या. म्हणाल्या, उपचार उत्तम झाला, माझं स्वतःचं मन भरून आलं. पण तो झाला रजेत. रजेत केलेलं नोकरीत धरता येत नाही. शिवाय वैद्यकीची चार वर्षं सलग धरली होती, त्यात रजा आल्यामुळे सलगपणा तुटला. तेव्हा साळूताईंचं एक पीस परत घ्यावं लागेल.

आणि त्यांनी ते हळूच, काटा न लागेल असं, काढून घेतलं.

मग त्या तरसरावाकडे वळल्या. "तरसरावांनी मात्र विष नोकरीत असताना घेतलं. सगळ्यांदेखत, कामाच्या वेळेत. विषाचा असा अनुभव सैन्यात दुसऱ्या कुणालाच नाही. भेकराला आहे, पण त्याला वर चढवायला आधी पुरेशी पिसं नाहीत."

तरसरावाच्या गळ्यात तिसरं पीस आलं. विषांचा अधिकारी असं त्याला म्हणायचं ठरलं. टाळ्या झाल्या.

दरबार उठता उठता अधिकाऱ्याने पहिला हुकूम काढला. भिवाने दुसऱ्या दिवशी पहाऱ्याला उभं राहायचं.

भिवा अजून नीट बसूही शकत नव्हता. साळूताईने आठ दिवसांच्या विश्रांतीची चिठ्ठी लिहिली होती. पण आता ती चिठ्ठी एका पिसाची होती आणि हुकूम तीन पिसांचा. भिवाने तिच्याकडे पाहिलं. म्हणाला, "ताई, राहू द्या. उभा राहीन मी."

साळूताईने ती चिठ्ठी घडी करून काट्यात खोचली आणि तरसरावाकडे गेली.

"अभिनंदन, साहेब. तब्येत कशी आहे?"

तरसरावाने आजूबाजूला पाहिलं. हळूच म्हणाला, "चार पावलं चाललं की छातीत धडधडतं."

"तुम्ही आठ दिवस पडून राहिलात तर बरं. पण माझं एकच पीस. मी तुम्हाला काय सांगणार?"

"खरं आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी पडला होता.

"तुम्हीच तर आता विषांचे अधिकारी. तुमच्या अनुभवावरून तुम्हाला काय वाटतं? ज्याच्या पोटात कण्हेर गेलीय, त्याने किती दिवस पडून राहावं?"

तरसराव विचारात पडला. मग छाती पुढे काढून, धडधड सांभाळत म्हणाला, "आठ दिवस. माझ्या अनुभवाने सांगतो."

"असं मोठ्या जाणकारानेच लिहून ठेवावं."

त्याने लिहिलं. कण्हेरीचं पाणी प्यालेल्या प्रत्येक जनावराने आठ दिवस हलू नये, हुकमावरून. खाली सही, सहीखाली तीन पिसांचं चित्र. अक्षर साळूताईच्या चिठ्ठीवरून गिरवलेलं होतं, कारण तरसरावाला 'कण्हेर' लिहिता येत नव्हतं. मग तो तिथेच आडवा झाला. त्याच्याशेजारी भिवाही आडवा झाला, आणि भिवाला ऊठ म्हणायला सैन्यात आता कुणाची छाती झाली नाही.

नवव्या दिवशी भिवा भुंकला. आवाज खणखणीत होता.

तरसरावाचा तो हुकूम पुढे फार गाजला. सैन्यात येणाऱ्या वैद्यांना तो चार वर्षं शिकवतात आणि ती चारही वर्षं नोकरीत धरतात. साळूताई अजून तिथेच आहे. एक पीस आहे, शिवते. कागद सरकवताना घोरपडबाई तिची चौकशी करतात, छंद चालू आहे ना म्हणून. ती म्हणते, चालू आहे.

तात्पर्य: बाळांनो, विष ओळखायला शिकण्यात उगाच वर्षं घालवू नका. ते नोकरीत असताना, हजेरी लावून, वरिष्ठांसमोर प्या. म्हणजे ते शिक्षणात धरतात.