झडतीचा कागद

"आधी पायताण बाहेर काढ," भागीरथाबाई म्हणाल्या, "अन् मंग सांग, माह्या घरात काहून याचं हाय तुले?"

शिपाई चंद्रभान उंबरठ्यावरच थबकला. अकोल्याच्या नत्थुजी केटररची तक्रार होती, गेल्या रविवारच्या लग्नातून एक मोठा गंज, म्हणजे पातेलं, गायब. आणि बुंदीने भरलेला गंज मांडीवर घेऊन अमरावतीच्या बसमध्ये बसलेली बाई चौघांनी पाहिली होती.

"आजी, नत्थुजी केटररचा गंज हरपला. फक्त सैपाकघर पायतो. दोन मिनटाचं काम हाय."

"सैपाकघर? तीस वर्सं झाले, माह्या बुढ्यालेबी तिथं हात लावू देल्ला नाही म्या!"

भागीरथाबाई शाळेत दुसरीपर्यंतच गेल्या होत्या. पण दर रविवारी विहारात संविधानाची उद्देशिका म्हणताना सगळ्यांत पुढे त्या उभ्या राहत आणि सगळ्यांत मोठा आवाजही त्यांचाच असे. छापलेलं अक्षर लागायला त्यांना वेळ लागे. पाठ झालेलं मात्र वेळेवर तोंडाशी येई.

"झडतीचा कागद हाय का? पंच हायेत? बाईमानसाच्या घरी आला, संग बाई शिपाई कुठं हाय? हे घर हाय का बस स्टँड?"

गल्ली जमली. शेजारची गुलनार पिठाचे हात तसेच घेऊन आली. "सही बात हाय, काकू!"

भागीरथाबाईंना चेव आला. "ऐका रे सारे! मानूस गरीब असो का अमीर, ज्याचं कपाट त्याचं. त्याच्या मर्जीबिगर हात घालाचा असन, त सरकारलेबी इचारा लागते!"

टाळ्या पडल्या. चंद्रभान "कागद आनतो" म्हणून निघून गेला.

सून माया आतून सारं ऐकत होती. नांदगाव पेठच्या कापड कंपनीत ती शिलाईवर होती. ती कामावरून आली की सासूबाई आधी तिची पर्स उघडत, मग कपाट. कधी विचारून नाही.

टाळ्या ओसरल्या आणि भागीरथाबाईंना बुंदी आठवली. अकोल्याच्या लग्नघरी बहिणीने ज्यात भरून दिली, तो गंज त्यांनी बहिणीचाच समजला होता. घरातल्या भांड्यावर आपलं नाव नसलं की त्यांना चैन पडत नसे. मंगळवारी नावं टाकणारा आला, तेव्हा चमच्यापासून गंजापर्यंत सगळ्यांवर 'भागीरथाबाई' कोरून झालं होतं. म्हणजे चोरीचा माल घरात, आणि त्यावर खुद्द चोराचं नाव! आता येत्या रविवारी विहारात पुढे कोणत्या तोंडाने उभं राहायचं?

त्या स्वयंपाकघरात धावल्या. फळीवर गंज नव्हता.

"माया, गंज कुठं हाय वं?"

"माह्या कपाटात. मांगच्या अंगानं नत्थुजीचं नाव हाय, काल घासतानी दिसलं. कोनाच्या नजरेत पडू नये म्हनून ठेवला."

"हट बरं, काढू दे."

माया खोलीच्या दारात आडवी उभी राहिली. "कागद हाय का, आत्याबाई?"

भागीरथाबाई ओरडणारच होत्या. तेवढ्यात खिडकीच्या गजांवर पिठाचे दोन हात दिसले.

"माह्याच घरात मले कागद मांगतं?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

"घर तुमचं. पन ज्याचं कपाट त्याचं. आत्ताच त सांगतलं तुमी साऱ्या गल्लीले."

खिडकीबाहेर कोणीतरी खुदकन हसलं.

"...देतं का मंग गंज?"

"असं इचारलं, त देतो की."

तासाभराने चंद्रभान कागद, दोन पंच आणि बाई शिपाई घेऊन आला. गंज ओट्यावर मांडलेला होता, घासून लखलखीत.

"कागद ठेव खिशात. म्याच तुले आत बलावून राहिलो. बहिनीचा समजून आनला, चूक माही. लिव." मान मात्र तसूभरही वाकली नव्हती.

चंद्रभानने गंज फिरवून पाहिला. "इकून नत्थुजी, तिकून भागीरथाबाई. हे काय लिवू, आजी?"

"लिव, नाव टाकाचे पैसे नत्थुजीले माफ."

दुपारी त्यांचे गुडघे ठणकू लागले. मलम मायाच्या कपाटात होतं. सवयीने हात दाराच्या कडीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग त्या घरात आजवर कधी न वाजलेलं दार दोनदा वाजलं.

"माया, येऊ का वं?"

"या की," आतून आवाज आला. "पायताण बाहेर काढा."