शटरवरची बेकरी

“येत्या गुरुवारी या पेठेत एक जरी बंद दुकान दिसलं, तर माझं नाव बदला!” असं म्हणून समन्वयरावांनी टेबलावर असा काही हात आपटला की सगळ्यांच्या कपांनी बशीतल्या बशीत उडी मारली.

नाव बदलायचं राहिलंच कुठे होतं? पेठेने ते केव्हाच बदललं होतं. ‘जुनी पेठ आर्थिक पुनरुज्जीवन भागीदारी’ या संस्थेचे ते समन्वयक. संस्थेचं नाव इतकं लांबलचक की पाटी दारावर मावेना, म्हणून ती उभी लावलेली. वाचणाऱ्याची मान वरून खाली येता येता ‘पुनरुज्जीवना’पाशीच अवघडायची आणि माणूस पुढे निघून जायचा! ‘समन्वयक’ हा शब्दही कुणाच्या जिभेवर बसेना. मग कुणीतरी त्याचं ‘समन्वयराव’ केलं आणि तेच चिकटलं.

काम सांगायला सोपं होतं. गावाबाहेर चकचकीत दुकानं झाली, गिऱ्हाईक तिकडे वळलं आणि पेठेतली दुकानं एकेक करून मिटली. ती पुन्हा उघडायची. त्यासाठी नगरपालिका, बँक आणि व्यापारी मंडळ असे तिघे एकत्र आले होते. आणि या तिघांना एका वेळी एका टेबलाशी बसवण्यातच समन्वयरावांची निम्मी शक्ती खर्च होई. तरी दोन वर्षांत त्यांनी पेठेत बाकडी बसवली, दिवे लावले, फुटपाथ सारखा केला. लोक बाकड्यांवर आरामात बसून बंद दुकानं बघत, आणि नव्या दिव्यांत ती आणखी स्वच्छ दिसत! चौतीस दुकानांतली अकरा बंद ती बंदच.

आणि आता वरच्या समितीच्या प्रमुखबाई पाहणीला येणार होत्या. भागीदारी पुढे चालवायची की तिचा गाशा गुंडाळायचा, हे त्यांच्या हातात होतं.

“आठ दिवसांत अकरा दुकानं उघडणार कशी हो?” कुलूपवाल्या शेठनी विचारलं. शेठ व्यापारी मंडळाचे म्होरके. पेठेत सगळ्यात तेजीत धंदा त्यांचाच, कारण दुकान मिटवणारा प्रत्येक जण जाता जाता त्यांच्याकडूनच कुलूप घेऊन जाई.

“उघडणार असं मी कुठे म्हणालो? बंद *दिसणार* नाही म्हणालो! शटरवर चित्रं काढायची. उघड्या दुकानांची!”

कल्पना सगळ्यांना एकदम पसंत पडली. तिघांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. खरं म्हणजे समन्वयरावांनी तिथेच सावध व्हायला हवं होतं!

पेंटर मिळाला तो अस्सल. छापील फलक आल्यापासून बिचाऱ्याचं काम गेलं होतं. सहा वर्षं तो फक्त गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवत होता. एवढी अकरा शटरं बघून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“काय काय काढू, साहेब?”

“घड्याळवाला काढा, फुलवाला काढा, पुस्तकांचं दुकान काढा, तुम्हाला सुचेल ते काढा. पण ते कोपऱ्यावरचं शटर आहे ना, पेठेत शिरल्या शिरल्या दिसणारं, तिथे काहीतरी फक्कड पाहिजे. तिथे बेकरी काढा!”

पेंटरने सहा वर्षांची सगळी उपासमार त्या बेकरीत ओतली. काचेचं कपाट, त्यात कवच किंचित तडकलेले पाव, एक कापलेला तीन थरांचा केक, अर्धवट उघडं दार, दाराला पितळी मूठ आणि मुठीची सावलीसुद्धा! आणि काउंटरमागे एक बाई, तोंड भरून हसणारी.

सोमवारी संध्याकाळी समन्वयराव बघायला गेले आणि तिथल्या तिथे थबकले.

“पेंटर, या बाईंना कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय.”

“घरीच पाहिलं असेल, साहेब! परवा वहिनी तुमचा डबा द्यायला आल्या होत्या ना? म्हटलं, किती प्रसन्न चेहरा!”

वहिनी म्हणजे समन्वयरावांची बायको. मागच्या गल्लीत तिचा दातांचा दवाखाना. ‘गोड खाऊ नका, गोड खाऊ नका’ असं वीस वर्षं लोकांना बजावत आलेली ती डॉक्टरीण आता पेठेच्या तोंडाशी तीन थरांच्या केकमागे उभी राहून अख्ख्या गावाला हसून बोलावत होती!

“पुसा! आत्ताच्या आत्ता पुसा!”

“ऑइलपेंट आहे, साहेब. घासलं तर शटर जाईल, वहिनी नाही जाणार.”

“मग निदान चष्मा तरी घाला तिला!”

“छे छे, चेहरा मार खाईल,” पेंटर म्हणाला आणि ब्रश धुवायला निघून गेला.

मंगळवारी सकाळी पहिला बळी पडला. एक निवृत्त पोस्टमास्तर फिरायला निघाले होते. नवी बेकरी पाहून खूश झाले, ऐटीत पुढे झाले, पितळी मूठ धरायला हात घातला आणि नाकासकट शटरवर आदळले! धडाम!

“बाई, तुमचं दार अडकलंय,” नाक चोळत ते म्हणाले. बाई हसल्या. बाई हसतायत म्हणजे उघडतीलच, म्हणून मास्तर थांबले. मास्तर थांबले म्हणून त्यांच्यामागे आणखी एक जण थांबला. दोघं थांबलेत म्हणजे काहीतरी खास मिळत असणार, म्हणून तिसरा. नऊ वाजेपर्यंत चौदा माणसांची रांग!

आता तुम्ही म्हणाल, पुढच्याला कळत नव्हतं का? कळत होतं की! जवळ गेलं की पाव नव्हे, पत्रा आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण मास्तरांनी सगळ्यांदेखत पत्र्यावर नाक आपटलेलं. ते कशाला कबूल करतील? ते वळले आणि म्हणाले, “संपले वाटतं आजचे पाव.” त्यांच्या मागचा पुढे आला, त्याने पाहिलं, तो लाजला आणि तोही म्हणाला, “हो, संपले.” तिसराही तेच. दुपारपर्यंत गावभर झालं की पेठेत अशी बेकरी निघालीय, नवाच्या आत पाव संपतात!

बुधवारी लोक सातलाच हजर.

समन्वयराव ऑफिसच्या खिडकीतून माणसं मोजत होते. ‘पेठेतील वर्दळ तिप्पट,’ त्यांनी अहवालात लिहिलं. मग ‘तिप्पट’च्या आधी ‘जवळजवळ’ घातलं. मग खिडकीतून पुन्हा पाहिलं आणि ‘जवळजवळ’ खोडलं!

घरी मात्र वातावरण वेगळं होतं.

“अहो,” डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, “मी बेकरी काढलीय का?”

“नाही... म्हणजे... काढलीय ती पेंटरने.”

“आज पाच पेशंटनी विचारलं. एक तर तोंड उघडं असतानाच म्हणाला, ‘डॉक्टर, तुमचं डोकं मानलं! सकाळी दात किडवायचे, संध्याकाळी उपटायचे!’ माझा हात हलला असता ना!”

“गुरुवारपर्यंत थोडी कळ काढ ना.”

“ते माझं वाक्य आहे! ते मला ऐकवू नका!”

गुरुवार उजाडला. प्रमुखबाई दहाला येणार होत्या. पण अशा पाहण्यांचा त्यांना दांडगा अनुभव! कळवलेल्या वेळेला गेलं की सगळीकडे नुकतं झाडलेलं असतं, म्हणून त्या आठलाच येऊन ठेपल्या. बातमी कळताच समन्वयराव एका पायात बूट आणि एका पायात चप्पल अशा थाटात धावत पेठेत आले. बघतात तर काय, बेकरीसमोर तीस माणसांची रांग आणि रांगेच्या शेवटी साक्षात प्रमुखबाई!

“वा! वा!” बाई म्हणाल्या. “नऊ गावं बघून आले मी. दुकानं उघडी आणि आत माशी नाही! आणि इथे बघा!” त्यांनी पुढच्या माणसाला विचारलं, “काय हो, पाव चांगले असतात का इथले?”

“फार सुंदर!”

“तुम्ही खाल्लेत?”

“नाही. मिळतच नाहीत ना!”

“बाई, आपण ऑफिसात जाऊ या,” समन्वयरावांनी घाम पुसला. “चहा तयार आहे.”

“चहाबरोबर इथलंच काहीतरी घेऊ. आणि हे बघा, समितीची म्हणून मी रांग मोडून पुढे घुसणार नाही!”

समन्वयरावांनी शेठकडे पाहिलं. शेठ आकाशाकडे बघत होते. तेवढ्यात एक स्कूटर करकचून थांबली आणि तिच्यावरून दोन्ही हातांत दोन भरलेल्या पिशव्या घेऊन पाववाल्या मावशी उतरल्या. मावशी घरी भट्टी लावून बारा वर्षं दारोदार पाव पोचवत होत्या. दोन दिवस जो तो त्यांना सांगत होता, ‘मावशी, आता पेठेत बेकरी निघालीय हं!’ शेवटी त्या प्रतिस्पर्ध्याचं तोंड बघायला स्वतःच आल्या होत्या. रांगेला वळसा घालून त्या थेट काउंटरपुढे गेल्या.

“काय हो बाई! बारा वर्षं या गावाला मी पाव खिलवले, आणि तुम्ही परवा उगवलात! एक शब्द विचारावासा वाटला नाही? हसताय काय? उत्तर द्या! दातखीळ बसली का?”

बाई हसतच राहिल्या. मावशींचा पारा आणखी चढला. आणि नेमक्या त्याच क्षणी घराकडून खऱ्या डॉक्टरीणबाई आल्या, पांढऱ्या कोटात, दवाखान्याकडे निघालेल्या. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग शटरकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे.

“अगं बाई! दुकान उघडं टाकून फिरता कुठे?”

“दुकान नाही ते, शटर आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढे होऊन त्यांनी स्वतःच्याच रंगवलेल्या नाकावर बोटाने ठोकलं. ठण्! ठण्!

रांगेतल्या सगळ्यांना एकदमच वाचा फुटली. “मला माहीतच होतं!” “मी तर चित्र बघायलाच येतो रोज!” “रंगकाम छान आहे, नाही?”

प्रमुखबाई हळूच समन्वयरावांकडे वळल्या.

क्षणभर समन्वयरावांच्या मनात आलं, हा कलेचा उपक्रम आहे असं ठोकून द्यावं. शब्द ओठांवरही आले. पण समोर तीस माणसं रिकाम्या पिशव्या धरून उभी होती, आणि त्या पिशव्या बघून त्यांना भयंकर लाज वाटली.

“खोटं आहे, बाई,” ते म्हणाले. “अकराच्या अकरा खोटी. घड्याळवाला, फुलवाला, सगळे पत्र्यावर. दोन वर्षांत मला एकही दुकान उघडता आलं नाही. ते दिसू नये म्हणून रंग लावला.”

बाईंनी एकदा रांगेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “पण रांग तर खरी आहे ना?”

“अं?”

“तीस माणसं सकाळी सकाळी पत्र्यासमोर उभी राहतात, म्हणजे त्यांना इथे बेकरी हवी आहे. तुमच्या दोन वर्षांच्या अहवालांत हे कुठे आलं होतं का?”

“नाही.”

“कधी विचारलं होतंत त्यांना, काय हवंय?”

“बाकडी हवीत का, असं विचारलं होतं.”

इतक्यात मावशी रांगेच्या शेवटाशी लावलेल्या स्कूटरकडे परत आल्या आणि कुणालातरी त्यांच्या पिशव्यांचा वास लागला. पुढचं सांगायला नकोच. रांग जागच्या जागी वळली, शेवटच्या प्रमुखबाई एकदम पहिल्या झाल्या आणि दहा मिनिटांत दोन्ही पिशव्या झटकून रिकाम्या! बाईंनी तिथेच उभ्या उभ्या पावाचा तुकडा तोडला, चावला आणि तोंड भरलेलं असतानाच विचारलं, “हा गाळा कुणाचा?”

शेठ पुन्हा आकाशाकडे बघू लागले.

“शेठ?”

“माझाच आहे. पण आत सामान आहे ना.”

“कसलं?”

“कुलपं,” शेठ पुटपुटले. “अजून तेवीस दुकानं चालू आहेत... कधी कुणाला लागतील, म्हणून आधीच मागवून ठेवली होती.”

त्यावर पेठ अशी हसली की बाकड्यावरचे म्हातारे उठून बघायला आले. शेठ कानापर्यंत लाल झाले आणि त्या लाजेतच गाळा द्यायला कबूल होऊन बसले!

भागीदारीला एक वर्षाची मुदत मिळाली. अट एकच, दोन महिन्यांत तिथे खरी बेकरी उघडायची. “आणि बाकीची शटरं पुसू नका,” प्रमुखबाई जाताना म्हणाल्या. “कुठल्या दाराची मूठ लोक जास्त ओढतात, ते मोजा.”

समन्वयराव कामाला भिडले. परवाने, वीज, बँकेचे कागद, सगळ्यांच्या मागे लागून लागून त्यांचे बूट झिजले. मावशींची भट्टी गाळ्यात आली. आणि बरोबर साठाव्या दिवशी सकाळी शटर वर गेलं. आत खरी काच, खरे पाव, काउंटरवर खरा केक आणि मागे नव्या साडीत मावशी. पहिल्या दिवसाच्या धास्तीने त्या खांबासारख्या ताठ उभ्या होत्या.

लोक आले. थांबले. कौतुकाने बघितलं. आणि पुढे गेले!

“पेंटरने कमाल केली! आधीच्यापेक्षा सरस!”

“वास आल्यासारखा वाटतो, बघा!”

“पण या खेपेला बाई जरा जाड काढल्यात, नाही?”

“या, आत या! खरंय हो सगळं!” समन्वयराव दारात उभे राहून घसा फोडत होते.

“साहेब, पुरे आता!” लोक डोळा मारत आणि निघून जात.

दुपारचे बारा वाजले तरी एक पाव हलला नव्हता. मावशींचे डोळे भरून यायला लागले. तेवढ्यात एक जोडपं वाद घालत आलं.

“अहो, खरा केक आहे तो!”

“अगं, चित्र आहे! मला शिकवतेस? थांब, दाखवतोच!” असं म्हणून ते गृहस्थ तरातरा पुढे झाले आणि त्यांनी केकमध्ये बोट खुपसलं. दुसऱ्या पेरापर्यंत!

गृहस्थ आपल्या बोटाकडे बघत राहिले. शेवटी मावशी हलल्या. त्यांनी काउंटरखालून खोका काढला आणि विचारलं, “हाच बांधू ना?”

त्या दिवसाची ती पहिली विक्री. समन्वयरावांनी अहवालात तिची मोठ्या अभिमानाने नोंद केली. बोटाचा उल्लेख तेवढा टाळला.